पाय बधिर होतात, मन पळतं, रडू येतं : रोजच्या बैठकीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही रोजच्या बैठकीची एक साधी रीत दिली होती. ताठ पण सैल बसायचं, डोळे मिटायचे, श्वास आत-बाहेर होताना नाकपुड्यांपाशी जो स्पर्श कळतो तिथं लक्ष ठेवायचं आणि ते निसटलं की परत आणायचं. रोज दहा मिनिटं, बस्स. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांच्या तळाशी एकच शंका होती : आमचं काही चुकतंय का? म्हणून या वेळी उत्तरं जरा तपशिलात देत आहोत. ज्या पत्रांत त्रास जास्त होता, त्यांना जागाही जास्त दिली आहे.

दहा श्वाससुद्धा नीट मोजून होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन शाळेत, नाहीतर डब्याच्या भाजीत. मी यासाठी नाहीच का?
*शिक्षिका, मिरज*

मन भाजीत गेलंय हे तुम्हाला कळलं ना? ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी अभ्यास झाला. दहा मिनिटांत चाळीस वेळा मन पळालं आणि चाळीस वेळा तुम्ही ते परत आणलंत, तर चाळीस वेळा अभ्यास झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक हेच सांगतो : चंचल मन जिथं जिथं धावेल, तिथून तिथून त्याला परत आणावं. ते धावूच नये, अशी अट तिथंही घातलेली नाही.

आता मोजण्याबद्दल. आकडा श्वास सोडताना मनात म्हणा, घेताना म्हणू नका. 'एक'पासून 'दहा'पर्यंत जायचं आणि पुन्हा 'एक'. मध्येच विसरलात तर कितीवर होतो ते आठवत बसू नका, सरळ 'एक' धरा. 'तेरा-चौदा'वर पोहोचलात, तर आकडे आपोआप चालत होते आणि तुम्ही दुसरीकडेच होतात. तरीही 'एक'.

शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. म्हणजे दहा श्वासांना एक मिनिटही लागत नाही. तुम्हाला दोन-दोन मिनिटं लागत असतील, तर तुम्ही आकड्यासाठी श्वास ओढताय. सुरुवातीला हे बहुतेकांचं होतं आणि मग छाती भरल्यासारखी वाटते. एक तळहात पोटावर ठेवा आणि दहा-बारा श्वास नुसते हाताला जाणवू द्या, मोजू नका. श्वास आपल्या चालीवर आला की मोजणं सुरू करा.

बैठकीत कामं आठवतात ती खरीच असतात : सही घ्यायची राहिली, गॅस बुक करायचाय. शेजारी वही आणि पेन्सिल ठेवा. एक शब्द लिहा, डोळे मिटा. लिहिलेलं मन सोडून देतं, न लिहिलेलं पुन्हा पुन्हा आणून दाखवतं. पण बैठकीत दोनदाच लिहायचं, नाहीतर यादीच तयार होईल.

वेळ वाढवायची घाई करू नका. पहिले तीन आठवडे दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. रविवारी चाळीस मिनिटं आणि मग चार दिवस काहीच नाही, यातून काही रुजत नाही. योगसूत्रांत (1.14) अभ्यास घट्ट व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदरानं. तिसरी बहुतेकजण विसरतात. मन पळालं म्हणून स्वतःला चरफडत परत आणणं हा आदर नव्हे. रांगत दाराकडे निघालेल्या बाळाला उचलून आणतो, तसं आणा.

पंधरा मिनिटांत डावा पाय बधिर होतो आणि कंबर धरते. मांडी मोडायची नाही असं ऐकलंय. वय 61.
*निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक*

मांडी मोडा. योगसूत्रांत आसनाची व्याख्या फक्त दोन गुणांची आहे : स्थिर आणि सुखकर (2.46). पाय बधिर होत असताना ते आसन सुखकर राहिलेलं नाही.

बधिरपणा बहुतेकदा नस दाबली गेल्यानं येतो, आणि नस दाबली जाते कारण बैठक सपाट असते. सपाट सतरंजीवर मांडी घातली की गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागं कलते, पाठीला पोक येतं आणि सगळा भार मांडीच्या मागच्या भागावर व घोट्यावर पडतो. यावर उपाय उंचीचा. सोलापुरी चादर किंवा जाड घोंगडी घडी घालून चार ते सहा इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसा. गुडघे कमरेच्या खाली उतरले पाहिजेत. ते जमिनीला टेकत नसतील तर खाली छोट्या उशा द्या. मऊ उशीवर बसू नका, ती पाच मिनिटांत दबते आणि पुन्हा तेच होतं.

पाय एकावर एक चढवू नका, एकापुढे एक जमिनीवर ठेवा. कोणता पाय पुढे हे रोज बदला. डावाच पाय बधिर होतो याचा अर्थ बहुधा तोच रोज खाली दाबला जातोय.

कमरेसाठी पाठ भिंतीला टेकवू नका. कंबरेचा मागचा भाग तेवढा भिंतीला लागू द्या आणि मधल्या पोकळीत पंच्याची गुंडाळी ठेवा. खांदे एकदा कानांपर्यंत वर उचलून सोडून द्या. हनुवटी किंचित आत.

एवढं करूनही गुडघा दुखत राहिला तर खुर्ची घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही. हात नसलेली, लाकडी बैठकीची खुर्ची चांगली. पाठ टेकू नका, दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीवर टेकवा. उंची कमी असेल तर पायांखाली पाट घ्या. सोफा नको.

एक फरक मात्र ओळखायला शिका. मुंग्या, ताठरपणा, खाज, ओढ या येतात आणि जातात. तेव्हा लगेच हलू नका, आधी मिनिटभर त्यांच्याकडे पाहा. पण गुडघ्याच्या आत टोचणारी, सुरीसारखी कळ, किंवा उठल्यावर पाच मिनिटांनीही न गेलेला बधिरपणा ही शरीराची सूचना आहे. आसन बदला. पाय रोजच बधिर राहत असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

डोळे मिटले की झोप लागते.
*पुणे*

रात्री किती झोपता? सहा तासांच्या आत असेल तर ती झोप खरी आहे, ती आधी भरून काढा. नसेल तर जेवणानंतर दोन तास बसू नका आणि बसण्याआधी तोंडावर पाणी मारा. डोळे अर्धे उघडे ठेवा, नजर समोर चार-पाच फुटांवर जमिनीवर. तरीही डुलकी आली तर उभे राहा आणि बारा-पंधरा पावलांच्या अंतरात अगदी हळू येरझाऱ्या घाला. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला, एवढंच पाहायचं. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात आणि त्याचं मोल बसण्याइतकंच मानतात. रोज झोप येणाऱ्यांनी सुरुवातच चालण्यानं करावी.

सगळे म्हणतात श्वासावर लक्ष दिलं की शांत वाटतं. मला उलट होतं. श्वास अपुरा वाटतो, छाती धडधडते, हात गार पडतात. दोनदा उठून पळाले.
*तरुणी, पिंपरी*

उठलात ते योग्य केलंत. श्वास हे सगळ्यांसाठी सुरक्षित ठिकाण नसतं, आणि ही गोष्ट शिकवणारे फार कमी वेळा सांगतात याचं आम्हाला वाईट वाटतं. दमा असणारे, कधी पाण्यात बुडता बुडता वाचलेले, मारहाण किंवा अत्याचार सोसलेले, किंवा आधीपासून घाबरण्याचे झटके येणारे, यांच्या भीतीची जागाच छातीत आणि श्वासात असते. तिथं लक्ष नेलं की भीती जागी होते, भीतीनं श्वास भरभर चालतो, भरभर चाललेला श्वास लक्षात येतो, त्यानं भीती वाढते. हे चक्र निग्रहानं तुटत नाही. लक्षाची जागा बदलली की तुटतं.

तुमच्यासाठी रीत अशी. खुर्चीवर बसा, डोळे उघडे, पाठीमागं भिंत असू द्या, दार दिसेल असं बसा. श्वास सोडून द्या, त्याचं नावही घेऊ नका. तळपायांकडे लक्ष न्या. टाच जमिनीला कशी लागते, चवडा कसा लागतो, बोटं, फरशीचा गारवा. मग तळहात मांडीवर : कापडाचा स्पर्श, ऊब. मग ऐकू येणारे आवाज, जवळचा, मग लांबचा. पुन्हा तळपाय. सगळं मिळून तीन मिनिटं. आठवडाभर तीनच मिनिटं, मग एकेक मिनिट वाढवा. काही महिन्यांनी श्वास आपोआप जाणवायला लागला तर लागू द्या. नाही लागला तरी काही अडत नाही.

झटका आलाच तर बसून राहू नका. उठा, गार पाण्यानं तोंड धुवा, दोन्ही तळहात भिंतीला जोर लावून दाबा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणा. बहुतेक झटके काही मिनिटांत शिगेला जाऊन उतरतात.

आणि हे बैठकीखेरीज एरवीही होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख (ईसीजी), थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. धडधडीमागं हीही कारणं असतात. त्यात काही निघालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा त्रास उपचारांनी चांगला बरा होतो.

मोबाईलवर पाहून वीस मिनिटं जोरजोरात श्वास घेतला. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं. शक्ती जागृत झाली असं खाली लिहिलं होतं.
*महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर*

गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड वाजवीपेक्षा खाली जातो. त्यानं मेंदूकडचा रक्तप्रवाह तात्पुरता कमी होतो आणि मज्जातंतू चाळवतात, म्हणून गरगर आणि मुंग्या. जोराचा श्वास थांबवून नाकानं नेहमीसारखा श्वास घेतला की थोड्या वेळात जातं. फिट येणारे, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी असे प्रकार करूच नयेत. तुम्हाला श्वासाचंच काही करायचं असेल तर मोजून चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. मिनिटाला सहा श्वास होतात. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं की शरीर सैलावतं.

आमच्या घरात तीन पिढ्या नामस्मरण आहे. आता मुलगी म्हणते माईंडफुलनेस कर. मी माळ सोडायची का?
*गृहिणी, सातारा*

मुळीच सोडू नका. तुमच्या हातात जे आहे, ते पुष्कळांना शोधून सापडत नाही. मुलगी जे म्हणतेय, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याचं भान ठेवणं, तेही फार वेगळं नाही. त्या इंग्रजी शब्दामागं पाली भाषेतला 'सति' हा शब्द आहे, आणि सति म्हणजे स्मृती, आठवण राहणं. नामस्मरणातलं 'स्मरण' त्याच धातूचं.

फक्त एक तपासा : माळ फिरतेय आणि मनात हिशेब चाललाय, असं होतंय का? तीन पिढ्यांच्या सवयीत हा धोका असतो, कारण बोटं इतकी तयार झालेली असतात की त्यांना तुमची गरजच उरत नाही. माळेत 108 मणी आणि एक मेरुमणी. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हणायला तीन सेकंद लागतात. म्हणजे एका माळेला साडेपाच मिनिटांच्या आसपास. तुमची माळ दोन मिनिटांत होत असेल तर अक्षरं गिळली जात आहेत. अकरा माळांचा नेम असेल आणि वेळ पुरत नसेल, तर तीन माळा स्पष्ट करा. संख्येसाठी नाम पळवण्यापेक्षा हे बरं, असं आमचं मत आहे. मात्र नेम तुम्ही गुरूंकडून घेतला असेल तर त्यांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून बदल करा.

लक्ष कुठं ठेवायचं याच्या तीन जागा आहेत. मणी अंगठ्यानं मधल्या बोटावरून ओढला जातो, तो स्पर्श. आपण म्हटलेलं नाम आपल्याच कानांनी ऐकणं. आणि एक नाम संपून दुसरं सुरू होण्याआधीची छोटी मोकळी जागा. पहिल्या माळेला स्पर्श, दुसरीला ऐकणं, तिसरीला ती मोकळी जागा, असं करून पाहा. मन फार भरकटलेलं असेल त्या दिवशी वैखरीत, म्हणजे मोठ्यानं म्हणा. थोडं निवळलं की उपांशू, फक्त ओठ हलवत. अगदी शांत असेल तेव्हाच मनातल्या मनात. पुष्कळजण सुरुवातीलाच मानसजप धरतात आणि मग तो विचारांत विरघळून जातो. मेरुमण्याशी माळ उलटी फिरवायची असते, तो थांबाही उपयोगी आहे. तिथं एक पूर्ण श्वास घ्या, माळेत आपण किती वेळ होतो ते पाहा, मग माळ उलटी फिरवा.

मुलीला बरोबर बसवा. ती श्वास पाहील, तुम्ही नाम घ्या. एकाच वेळी, एकाच खोलीत.

पाळीत, सुतकात बसलं तर चालतं का?
*तीन वाचकांकडून*

देवघराचे आणि माळेचे नियम घराघराचे असतात, ते तुम्ही ठरवा. श्वास पाहण्याला असा कोणताही नियम लागू नाही. श्वास पाळीतही चालतो, सुतकातही. पाळीत पोट दुखत असेल तर उजव्या किंवा डाव्या कुशीवर झोपून, गुडघ्यांत उशी घेऊन, दहा मिनिटं करा.

घरी आलो की क्षुल्लक कारणावरून मुलावर ओरडतो. सकाळी ध्यान करतो, संध्याकाळी ओरडतो. ढोंग वाटतं.
*ठाणे*

सकाळच्या बैठकीचा परिणाम संध्याकाळी सातपर्यंत पुरेल अशी अपेक्षा करू नका. मध्ये दहा तास काम, दोन गाड्या, गर्दी आणि रिकामं पोट आहे. राग घरात जन्मतो असं वाटतं, पण तो येतो तेव्हा तुम्ही आधीच भरलेले असता. म्हणून बैठक वाटून घ्या : सकाळी दहा मिनिटं आणि दाराबाहेर दोन. जिन्यात उभे राहा, पिशवी खाली ठेवा, दहा श्वास सोडताना खांदे खाली येऊ द्या, मग बेल वाजवा. घरात गेल्यावर आधी पाणी आणि काहीतरी खाणं, मग मुलाचा अभ्यास. हा क्रम उलटा झाला की भांडण ठरलेलं.

रागाची तुमची स्वतःची खूण शोधा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाची मूठ वळते, कुणाचा आवाज आधी अगदी हळू होतो. सात दिवस फक्त खूण लिहा, राग थांबवायचा प्रयत्नही करू नका. आठव्या दिवसापासून खूण दिसली की तोंडातून एकच वाक्य : "मी दोन मिनिटांत येतो." आणि खरंच दोन मिनिटांत परत या. न परतणं हे मुलाला ओरडण्याइतकंच लागतं.

गिळलेला राग म्हणजे शांती नाही. गिळलेला रात्री पोटात जळतो आणि परवा दुसऱ्याच कारणावर बाहेर पडतो. चूक मुलाची असेल तर ती सांगाच, पण कान थंड झाल्यावर. ओरडलात तर त्याच दिवशी, झोपण्याआधी, त्याच्याजवळ बसून म्हणा : "मी ओरडलो, ते चुकलं." 'पण तू असं केलंस म्हणून' हे शेपूट लावू नका. त्यानं माफी पुसली जाते.

भावानं वाटणीत फसवलं, सातबाऱ्यावरून माझं नाव काढायचं चाललंय. मैत्रीभावना करायला बसलो की त्याचा चेहरा येतो आणि अंगाची आग होते. क्षमा कशी करू?
*शेतकरी, परभणी जिल्हा*

आधी जमिनीचं. क्षमा करणं म्हणजे हक्क सोडणं असा समज आपल्याकडे फार पसरलाय, आणि त्यानं विशेषतः बहिणींचं आणि धाकट्यांचं फार नुकसान झालंय. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस आली असेल तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि वकील पाहा. हे करताना मनात द्वेष असलाच पाहिजे असं नाही, आणि मन निवळेपर्यंत हे थांबवूनही ठेवायचं नाही.

आता बैठकीचं. तुम्ही सगळ्यात अवघड माणसापासून सुरुवात करताय. पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी मैत्रीभावनेचा, म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं भलं चिंतण्याचा, जो क्रम लिहून ठेवला, त्यात वैरी सगळ्यात शेवटी येतो, आणि सुरुवात त्याच्यापासून करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आपोआप आदर वाटतो असा माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणं ना घेणं असा, मग वैरी.

पहिले दोन आठवडे फक्त स्वतः. "मी सुरक्षित असो. माझं मन निवळो. मला झोप लागो." वाक्यं आपल्या बोलीत करा, पुस्तकी नकोत. पुढचे दोन आठवडे गावातले कुणी गुरुजी, एखादी मावशी, ज्यांचं नाव घेतलं की चेहरा सैल होतो. मग एसटीचा कंडक्टर, दूध घालणारा. भाऊ मध्येच आला तर त्याला हाकलू नका आणि ओढूनही घेऊ नका. छातीत, पोटात जी आग होते ती कुठं आहे, केवढी आहे, वाढतेय की सरकतेय, हे दहा श्वास पाहा आणि पुन्हा त्या गुरुजींकडे या.

भावाची पाळी सहा महिन्यांनी येवो की वर्षानं. तेव्हाही 'तुझं भलं होवो' तोंडून निघत नसेल तर 'हा द्वेष माझ्याकडून आणखी न वाढो' एवढंच म्हणा. ते खरं असेल तर पुरेसं आहे.

यजमानांना जाऊन सात महिने झाले. बसले की रडूच येतं. लोक म्हणतात आता सावर. रडायचं की थांबवायचं?
*कोल्हापूर*

ताई, रडू येऊ द्या. दिवसभर स्वयंपाक, कागदपत्रं, बँका, येणारे-जाणारे यांत दुःखाला जागाच मिळत नसेल, तर तुम्ही शांत बसल्यावर ते येणारच. सात महिने फार नाहीत. 'सावर' म्हणणारे प्रेमानं म्हणत असतील, पण याला वेळापत्रक नसतं. पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस, वर्षश्राद्ध, या दिवसांच्या आगेमागे पुन्हा उसळी येईल, तेव्हा आपण मागं गेलो असं समजू नका.

फक्त काठ धरून राहा. दहा मिनिटांच्या वर बसू नका. डोळे उघडे किंवा अर्धे मिटलेले. एक तळहात छातीवर, दुसरा पोटावर, त्यांची ऊब जाणवू द्या. रडू आलं की त्यामागची गोष्ट, दवाखान्यातले दिवस, 'आधी नेलं असतं तर', तिकडे जाऊ नका. शरीराकडे या : घशात गोळा, डोळ्यांमागची उष्णता, छातीची कंपनं. लाट चढते, फुटते, उतरते. उतरल्यावर नाक पुसा, पाणी प्या, उरलेली मिनिटं तळपाय जाणवत बसा. उठताना थकवा पण थोडा मोकळेपणा वाटला तर ठीक चाललंय. उठताना रोज अधिकच घट्ट, अधिक काळोखं वाटत असेल तर काही दिवस बसणं थांबवा आणि सकाळच्या उन्हात वीस मिनिटं चाला, शक्यतो कुणाबरोबर.

बैठकीत त्यांचा फोटो समोर ठेवू नका. त्यांच्याशी बोलायची वेळ वेगळी ठेवा. संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच मिनिटं फोटोसमोर बसून आज काय झालं ते त्यांना मोठ्यानं सांगा. बऱ्याच जणींना हे वेडेपणाचं वाटतं म्हणून त्या करत नाहीत. त्यात वेडं काही नाही.

दोन वेळचं जेवण ताटात वाढून घ्या, ओट्याशी उभ्यानं खाऊ नका. आणि नीट वाचा : झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल, आंघोळ-कपडेही नकोसे होत असतील, किंवा त्यांच्यामागं जावं असा विचार येत असेल, तर तो साधनेनं सोडवायचा प्रश्न नाही. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि 14416 वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मी आणि भाऊ इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं म्हणतो. भावाला बायपोलरच्या गोळ्या चालू आहेत. काय तयारी करावी?
*छत्रपती संभाजीनगर*

भावाचं उत्तर आधी. त्यांनी या शिबिराला जाऊ नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं या परंपरेची केंद्रं स्वतःच सांगतात, आणि अर्जात आजार व औषधांची माहिती विचारलेली असते. ती लपवून प्रवेश घेणं धोक्याचं आहे. पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, दहाव्या दिवसापर्यंत मौन. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल नैराश्यात जातं त्या आजारात, झोप कमी झाली की उन्मादाचा झटका उसळू शकतो. शिबिरासाठी गोळ्या बंद करणं तर कुठल्याही परिस्थितीत नको. त्यांना डॉक्टरांच्या संमतीनं रोज दहा मिनिटं चंक्रमण किंवा तळपायांची बैठक करू द्या. भजनाला जात असतील तर उत्तमच.

तुमच्यासाठी. धम्मगिरीवर, म्हणजे इगतपुरीच्या या केंद्रात, 1976 पासून शिबिरं चालू आहेत. शुल्क नाही, राहण्या-जेवण्याचाही खर्च घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं, आणि तुम्हाला दान द्यायचं असेल तर शिबिर पूर्ण केल्यावर. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाजवळचा श्वास, म्हणजे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात : डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाणं. त्यानंतर दिवसात तीन बैठका तासभर न हलता बसण्याच्या असतात. संध्याकाळी नव्या साधकांना फळं आणि चहा मिळतो, रात्रीचं जेवण नाही.

तयारी म्हणजे जाण्याआधी तीन आठवडे पहाटे पाचला उठा आणि अर्धा तास बसा. चहा दिवसाला पाच-सहा कप असेल तर दोनवर आणा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकं ठणकेल आणि तुम्हाला वाटेल ध्यानानं दुखतंय. गुडघ्याचा त्रास असेल तर पोहोचल्यावरच खुर्ची मागा. घरच्यांना केंद्राचा नंबर देऊन ठेवा, कारण मोबाईल जमा करावा लागतो. घरातली राहिलेली कामं निपटून जा, कारण पुष्कळांना दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी परत जावंसं वाटतं आणि तेव्हा राहिलेलं कामच निमित्त म्हणून पुढं येतं. तसं वाटलं तर लगेच निर्णय घेऊ नका, दुपारी आचार्यांना भेटून बोला.

परतल्यावर दोन-तीन दिवस लग्न-समारंभ ठेवू नका, आणि घरच्यांना शिकवायला लागू नका. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं तिथं सांगतात. ते जमत नाही म्हणून सगळंच सोडणारे फार आहेत. तासभर जमत नसेल तर ठरलेल्या वेळी अर्धा तास धरा आणि तो मोडू नका.

दहा बाय बाराची खोली, माणसं पाच, टीव्ही चालू. कुठं बसू?
*डोंबिवली*

पहाटे सगळे उठण्याआधी अंथरुणावरच, कंबर भिंतीला लावून. तेही जमत नसेल तर गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली खुर्ची टाकून. टीव्हीचा आवाज शत्रू मानू नका. दहा मिनिटं फक्त ऐकणं हीच बैठक करा : आवाज आला, गेला, दुसरा आला. शब्दांचा अर्थ लागायला लागला की लक्ष पुन्हा नुसत्या आवाजावर आणा. घरच्यांना आधी सांगून ठेवा की साडेपाच ते पाच चाळीस हाक मारायची नाही. नाहीतर ते तुम्ही रुसलात असं समजतात. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर दोन स्टेशनांमधलं अंतर तळपायांसाठी ठेवा. उभे असाल तर डोळे मिटू नका, दांडीवरच्या हाताची पकड जाणवत राहा.